कॅलिफोर्निया २००३: गव्हर्नरला मुदतीआधी घरी पाठवलं ते योग्य होतं का?

कारवी
नोव्हेंबर २००२ मध्ये कॅलिफोर्नियाने ग्रे डेव्हिस यांना दुसऱ्यांदा गव्हर्नर केलं आणि वर्ष उलटायच्या आत, ७ ऑक्टोबर २००३ ला, खाली खेचलं. (तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखा नेमलेला नसतो, थेट निवडून येतो.) मतपत्रिकेवर दोन प्रश्न होते: डेव्हिसना काढायचं का? आणि काढलं तर त्यांच्या जागी कोण? दुसऱ्यासाठी तब्बल १३५ उमेदवार! ५५ टक्के लोकांनी 'काढा' म्हटलं आणि अर्नोल्ड श्वार्झनेगर ४८.६ टक्क्यांवर गव्हर्नर झाले. मला हा निकाल आजही खटकतो. ज्याला काढायचं, त्याला दुसऱ्या प्रश्नात उभंच राहता येत नाही. म्हणजे ४९ टक्के पाठीशी असलेला जाणार आणि ३० टक्केवाला येणार, असंही होऊ शकतं.

मु. पो. सनीव्हेल
होऊ शकतं, पण तेव्हा झालं का? डेव्हिस राहू देत म्हणणारी मतं ४० लाख, श्वार्झनेगरना ४२ लाख. मी तेव्हा तिथेच राहत होतो. आधी वीजटंचाई, मग निवडणूक उरकल्यावर फुगलेला तुटीचा आकडा, आणि वर गाडीचा कर तिप्पट. लोकांनी आणखी तीन वर्षं गप्प बसायचं होतं?

कारवी
वीजबाजार खुला करणारा कायदा १९९६ चा, आधीच्या गव्हर्नरांच्या सहीचा. टंचाई मुद्दाम वाढवली ती एन्रॉनच्या व्यापाऱ्यांनी. दाभोळ पाहिलेल्या आपल्याला तरी ते नाव वेगळं सांगायला नको. शिक्षा मात्र डेव्हिसना! आणि असं मतदान घ्यायला लावण्यासाठी लागणाऱ्या मतदारांच्या नऊ लाख सह्या जमवायला खासदार डॅरेल इसा यांनी स्वतःचे १५ लाखांहून जास्त डॉलर ओतले. ज्याच्याकडे पैसा, त्याने निवडणूक पुन्हा घ्यायला लावायची?

पाटाचं पाणी
पैशाने सह्या जमतात, मतं नाही. २०२१ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांच्याविरुद्धही सह्या जमल्याच होत्या. जवळजवळ ६२ टक्के मतदारांनी त्यांना राहू दिलं. रेल्वे कंपनीच्या मुठीतून राज्य सोडवण्यासाठी १९११ मध्ये हा हक्क आला. तो असा सहज सोडू नये.

कारवी
त्या २०२१ च्या मतदानावर सुमारे २० कोटी डॉलर सरकारी खर्च झाला, नेहमीची निवडणूक चौदा महिन्यांवर असताना! आणि श्वार्झनेगरनी तरी काय केलं? आल्या आल्या गाडीकराची वाढ रद्द केली आणि तिजोरी सावरायला १५ अब्ज डॉलरचं कर्ज.

मु. पो. सनीव्हेल
ते कर्ज मतदारांना विचारून काढलं, मार्च २००४ मध्ये. २००६ ला लोकांनी त्यांना पुन्हा निवडूनही दिलं. दुसऱ्या प्रश्नाबद्दल मात्र तुमचं पटतं. तो काढूनच टाका, रिकाम्या जागी लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, येऊ द्या. पहिला प्रश्न विचारायचा हक्क मी सोडणार नाही.