मदत हवी आहे: ब्यूटच्या (मोंटाना) आयरिश खाणकामगाराचं मूळ गाव कसं शोधावं?

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवाटेचा आहे, पण इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत आणि त्यात वंशावळीचा नाद असलेले दोन-चार नक्की निघतील, म्हणून विचारते.

शोध माझ्या सासूबाईंच्या आजोबांचा आहे. सासूबाई आयरिश-अमेरिकन, वय ७९, डोकं आमच्यापेक्षा तल्लख. त्यांच्या वडिलांचे वडील आयर्लंडहून येऊन ब्यूटच्या तांब्याच्या खाणीत लागले आणि छातीत दगडाची धूळ साठून तिथेच वारले. पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईंना आयर्लंडला न्यायचं चाललंय. त्यांचं म्हणणं एकच: "देश नको दाखवू, ते घर दाखव." (पासपोर्टसाठी हा खटाटोप नाही, आधीच सांगते. आजोबा तिकडे जन्मलेले, त्यामुळे सासूबाईंना तिकडचं नागरिकत्व मागता येतं, पण त्यात त्यांना काडीचा रस नाही.)

आडनाव सुलिव्हान. सगळं घोडं इथेच अडलंय. ब्यूटच्या १९०० च्या जनगणनेत सुलिव्हान पानोपानी भेटतात. पहिलं नाव इथे देत नाही, पण तेही घरटी एक असंच आहे.

हाताशी काय आहे ते सांगते. १९०० ला ते एका बोर्डिंग हाउसमध्ये, अमेरिकेत आल्याचं साल १८९३. १९१० ला बायकोमुलांसह, आणि साल झालंय १८९१! नागरिकत्वाचा कागद १८९९ चा, त्यात ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडच्या राणीवरची निष्ठा सोडल्याचं लिहिलंय आणि बास. जन्मगाव विचारणारे फॉर्म १९०६ च्या सप्टेंबरनंतर आले. सप्टेंबर १९१८ च्या सैन्यनोंदणीच्या कार्डावर १८७४ मधली पूर्ण जन्मतारीख आहे, पण जन्मस्थळाचा रकानाच नाही. जून १९१७ च्या कार्डांवर तो होता, पण ती तिशीपर्यंतच्यांसाठी. मृत्यूच्या दाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव हॅरिंग्टन आणि जन्मस्थान नुसतं 'आयर्लंड'.

घरात एक दंतकथाही आहे की आडनावातला 'ओ' (ओ'सुलिव्हानमधला) एलिस बेटावरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या स्थलांतरित तपासणी केंद्रातल्या, कारकुनाने उडवला. ते काही खरं वाटत नाही. प्रवाशांच्या याद्या जहाज सुटतानाच कंपनी भरायची, बेटावर फक्त पडताळणी व्हायची. शिवाय एलिस बेट सुरू झालं १ जानेवारी १८९२ ला. १८९१ हे साल खरं असेल तर ते तिथे उतरलेच नाहीत.

माझा संशय बेअरा द्वीपकल्पावर आहे, म्हणजे कॉर्क परगण्याचं पश्चिम टोक. तिथे अ‍ॅलिहीजला तांब्याच्या खाणी होत्या. त्या १८८० च्या दशकात बसल्या आणि माणसं थेट किंवा मिशिगनच्या खाणींमार्गे ब्यूटला गेली. ब्यूटमधले सुलिव्हान, हॅरिंग्टन, शे हे बरेचसे तिकडचेच. आयर्लंडच्या सरकारी संकेतस्थळावर १८६४ पासूनच्या जन्मनोंदी फुकट दिसतात. त्यात वडिलांचं नाव जुळणारे आणि आई हॅरिंग्टन असलेले दोन मुलगे उरले: एक अ‍ॅलिहीजकडचा, दुसरा बेअरातल्याच आयरीज गावाकडचा. आयरीजच्या मुलाचा बाप्तिस्मा मार्चमधला आणि सरकारी जन्मतारीख एप्रिलची! सैन्याच्या कार्डावरची तारीख दोघांशीही जुळत नाही.

तर यातला आपला कोणता, हे कसं ठरवायचं? आणि डीएनए चाचणीचा कितपत उपयोग होईल?

प्रतिसाद १:

ताई, जन्माआधी बाप्तिस्मा हे आयरिश नोंदींत नेहमीचं आहे. जन्म ४२ दिवसांत नोंदवायचा असे, उशीर झाला की दंड. मग आईबाप तारीख पुढे सरकवून सांगत. बाप्तिस्म्याची नोंद खरी धरा. सैन्याच्या कार्डावरच्या तारखेचा फार विचार करू नका, त्या पिढीत कित्येकांना आपली तारीख नक्की माहीत नसे.

आता दोघांतला एक बाद करा. आयर्लंडची १९०१ आणि १९११ ची जनगणना फुकट उघडी आहे. (त्याआधीची जवळपास काहीच शिल्लक नाही. काही सरकारनेच नष्ट केली, उरलेली १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या अभिलेखागारात जळाली.) यातला एकजण १९०१ ला तिथेच आईबापाजवळ असेल, तर तो तुमचा नाही. वय दोन-चार वर्षांनी मागेपुढे असलं तरी चालवून घ्या. वडिलांचं नाव आणि भावंडांचा क्रम बघा.

मूळ नोंदवह्या बघताना एक लक्षात ठेवा: बेअरा कॉर्क परगण्यात असलं तरी कॅथलिक चर्चच्या हिशेबात केरी धर्मप्रांतात येतं. तिथल्या वह्यांच्या प्रतिमा नॅशनल लायब्ररीने फुकट ठेवल्यात. नावं लॅटिनमध्ये असू शकतात, जेम्सचा जाकोबुस झालेला असतो.

घराचं म्हणाल तर ग्रिफिथचं मूल्यांकन बघा, म्हणजे करआकारणीसाठी झालेली घरजमिनींची मोजदाद, १८४७ ते १८६४ मधली. कुळांची नावं आणि नकाशावर प्लॉटचा क्रमांक, दोन्ही मिळतं. कोकणात अख्खी वाडी एका आडनावाची असली की माणूस बापाच्या नावाने ओळखला जातो, तसं त्यातही सुलिव्हानच्या पुढे कंसात बापाचं नाव नाहीतर टोपणनाव टाकलंय. तुमच्या आजोबांच्या आजोबांचं नाव तिथे निघायला हरकत नाही. पुढे जमीन कुणाकडे गेली ते डब्लिनच्या पूर्वीच्या मूल्यांकन कार्यालयाच्या (२०२३ मध्ये ते दुसऱ्या संस्थेत विलीन झालं) जुन्या वह्यांत कळतं.

प्रतिसाद २:

एकच सांगतो, पहिलं जुळलं की थांबू नका. १८९२ ला एलिस बेटावर सर्वांत आधी उतरलेली कॉर्कची अ‍ॅनी मूर. कित्येक वर्षं तिचा मान टेक्सासात वारलेल्या भलत्याच अ‍ॅनी मूरला मिळत होता. २००६ मध्ये उघड झालं की ती बाई इलिनॉयमध्ये जन्मलेली, आणि खरी अ‍ॅनी आयुष्यभर न्यूयॉर्कमध्येच राहिली.

डीएनए करायचाच तर आधी सासूबाईंचा करा, तुमच्या यजमानांचा नंतर. सासूबाईंना सख्खा भाऊ असेल तर त्याची वाय-डीएनए (फक्त बापाकडून मुलाकडे जाणारा डीएनए) चाचणी थेट सुलिव्हान घराण्याचा धागा देईल. मात्र बेअरात पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्नं झालेली, त्यामुळे जुळणारी नाती दिसतात त्याहून लांबची असतात.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार! १९०१ ची जनगणना लगेच उघडली. अ‍ॅलिहीजचा मुलगा आईबापाजवळ घरीच आहे, धाकटी भावंडंही क्रमाने जुळतात. तो बाद. आयरीजच्या घरात फक्त आई, विधवा, आणि दोन मुली.

तरी अ‍ॅनी मूर डोक्यात बसल्यामुळे सासूबाईंना अजून काही बोलले नाहीये. ब्यूटच्या चर्चमधली लग्नाची नोंद आणि मुलांच्या बाप्तिस्म्याला उभे राहिलेल्यांची नावं बघायची आहेत. त्यातलं एखादं आयरीजच्या शेजारघरांत सापडलं तर बरंच नक्की होईल. स्थानिक वर्तमानपत्रातला मृत्युलेखही हवाय. मोंटानात राहणारं कुणी आहे का इथे, ब्यूटच्या सार्वजनिक अभिलेखागारात एक चक्कर मारू शकेल असं? झेरॉक्स, टपाल, जो काही खर्च होईल तो अर्थात माझा.