पावसाळ्यात १६ पानांचं रात्रीचं जेवण: आठवड्याचा बेत कसा बसवावा?

वाडीवरची
घर राजापूर तालुक्यात, खाडीपासून जवळ. रात्री १६ पानं असतात: ११ मोठी माणसं (बहुतेक दिवसभर लावणीत), ३ शाळेतली मुलं, २ वयस्क, ज्यांना कडक चावत नाही. दोन चुली आहेत, दोन शेगड्यांचा गॅस आहे, मिक्सरही आहे, पण पावसात संध्याकाळी वीज जाते. सोमवार, गुरुवार, शनिवार मांसमच्छी नाही. बंदीमुळे ताजी मासळी जवळजवळ मिळत नाही. शेतातून आल्यावर दोघींच्या हातात दीड तास असतो. रोज डाळ-भात-बटाटा नको झालाय. नेमकं प्रमाण किती घ्यावं, आधी काय करून ठेवावं आणि वाटप (भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण) किती दिवस टिकतं, हे हवं आहे. मोघम नको, किलोत आणि वाटीत सांगा.

चुलीवरचा टोप
ताई, आधी भात ठरवा, बाकीचं त्याच्या अंगाने बसतं. लावणीतल्या माणसाला १५० ग्रॅम तांदूळ धरा, मुलं आणि वयस्क ८० ग्रॅम. म्हणजे साधारण २ किलो उकडे तांदूळ. अर्धा तास भिजवा. १५ लिटरच्या टोपात ९-१० लिटर पाणी खळखळून उकळल्यावर तांदूळ घाला, चुलीवर ४० मिनिटं. शीत दोन बोटांत दाबून बघा, मध्ये पांढरा ठिपका दिसला तर अजून पाच मिनिटं. मग भात वेळा, म्हणजे जास्तीचं पाणी गाळून काढा. वेळल्यावर झाकण घट्ट लावून ठेवलं की खालचा थर पाणचट होतो, म्हणून टोप दहा मिनिटं निखाऱ्यावर ठेवा आणि झाकण जरा तिरकं. वेळलेलं पाणी ओतू नका. मीठ घालून वयस्कांना आधी तेच द्या, सोबत त्यातला मऊ भात.

वाटपाचं गणित: ३ नारळ, ७ कांदे, २ लसूण गड्डे, बोटभर आलं. कांदा थोड्या तेलात वेगळा लाल करून काढा, मग खोबरं मंद आचेवर, सतत हलवत, तांबूस होईपर्यंत. दोन्ही एकत्र भाजलं की कांद्याच्या पाण्याने खोबरं भाजण्याऐवजी शिजतं, आणि मग वाटपाला वास येत नाही. एवढ्यात १६ माणसांच्या दोन आमट्या होतात. पाणी न घालता वाटलं, कोरड्या डब्यात भरलं आणि फ्रिजला सलग वीज मिळाली तर चार दिवस राहतं.

आता आठवडा.

सोमवार: काळ्या वाटाण्याचं सांबारं. रविवारी रात्री ९०० ग्रॅम वाटाणे भिजत घाला, दहा-बारा तास लागतातच. कुकरला ६ शिट्या, मग दहा मिनिटं मंद. आमसूल वाटाणा शिजल्याशिवाय घालायचं नाही. आंबट पडलं की साल आवळते आणि मग कितीही शिट्या दिल्या तरी दाणा टणकच राहतो. जुना वाटाणाही असाच त्रास देतो, त्याला चिमूटभर सोडा भिजवतानाच. अर्धं वाटप इथे वापरा. मूठभर वाटाणे डावाने चेचले की रस दाट होतो, वयस्कांनाही ते चालतात.

मंगळवार: कुळथाची पिठी, भात, जवळ्याचं सुकट. २०० ग्रॅम पीठ, ३.५ लिटर पाणी. पीठ गार पाण्यातच कालवा, पाऊण लिटरात, हाताने, तळाला काही लागत नाही तोवर. बाकीचं पाणी गरम करून त्यात हे ओता. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात पडलं की गुठळी होते आणि ती नंतर फुटत नाही. फोडणीला १२-१५ लसूण पाकळ्या ठेचून, हिरव्या मिरच्या, हिंग. उकळी येईपर्यंत डाव थांबवू नका, झाकण ठेवू नका. फेस वर येतो आणि एका क्षणात अर्धी चुलीत जाते. आठ-दहा मिनिटांत फेस बसतो, पिठी डावाला चिकटून राहते, कच्चा वास जातो. तेव्हा ८ आमसुलं आणि ओलं खोबरं. निवताना ती दाटते, म्हणून उतरवताना वाटते त्यापेक्षा पातळच ठेवा.

जवळा ३०० ग्रॅम: आधी कोरड्या तव्यावर पाच मिनिटं भाजा, चाळा, रेती खाली पडते, मग दोन पाण्यांत धुवून पिळा. न भाजता धुतला तर गोळा होतो आणि उग्र वास राहतो. कांदे ८, मसाला दोन चमचे, आमसुलं ६, झाकण ठेवून सात मिनिटं.

बुधवार: अंड्यांचं सांबारं, २० अंडी आणि उरलेलं वाटप. याच्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, सगळ्यात सोपा दिवस. तो थकव्याच्या दिवसासाठी राखून ठेवा, म्हणजे जास्त लावणीच्या दिवशी सरकवता येईल.

गुरुवार: अळूचं फतफतं, भात.

शुक्रवार: सुक्या बांगड्याची कोशिंबीर, डाळ, भात. १२ खारे बांगडे निखाऱ्यावर दोन्ही बाजूंनी भाजा, काटे काढून कुस्करा, कांदा, ओलं खोबरं, हिरवी मिरची, चिंचेचा कोळ. यात मीठ घालायचं नाही, बांगडा आधीच खारवलेला असतो. खाडीची ताजी मासळी मिळालीच तर हा बेत बाजूला ठेवा.

शनिवार: टाकळ्याची (पावसातली रानभाजी) भाजी आणि तांदळाच्या भाकऱ्या. रविवार: कोंबडी. ब्रॉयलर ३ किलो, ३५-४० मिनिटं. गावठी असेल तर दीड तास धरा आणि वाटप शेवटच्या २० मिनिटांतच घाला, नाहीतर ते तळाला लागतं.

आगरातली
बेत छान आहे, पण वाटपाबद्दल माझं मत वेगळं आहे. जिथे वीज दिवसाकाठी पाच-सहा तास जाते तिथे वाटून ठेवूच नका. भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा कोरडे, वेगवेगळ्या बरण्यांत ठेवा. वाटलं की पृष्ठभाग वाढतो, ओलावा पकडतो, आणि फ्रिज दोनदा बंद झाला की तिसऱ्या दिवशी आंबूस वास मारतो. सुकं खोबरं कोरडं भाजलेलं असेल तर आठवडाभर बिनफ्रिजचंही राहतं, फक्त हात आणि चमचा कोरडा हवा. कांदा मात्र दोन दिवसच. ओल्या खोबऱ्याचं न भाजलेलं वाटप तर त्याच दिवशी संपवायचं, यात तडजोड नाही.

वीज नसेल तेव्हा पाटा-वरवंटा लागतोच, १६ जणांना अर्ध्या तासाचं काम आहे. ते वाचवायचं तर सुकं खोबरं भाजून हाताने चुरडा, गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि खलबत्त्यात कुटा. रस थोडा भरड राहतो, काळ्या वाटाण्याला तो शोभतोही.

टाकळ्याबद्दल: कोवळी पानंच घ्या. फुलं यायच्या आधी. नंतर पानं निबर होतात, कडवटपणा येतो आणि १६ माणसांत निम्मी भाजी उरते. सहा मोठ्या जुड्या घ्या, शिजल्यावर पाव होते. सोबत दोन वाट्या भिजवलेली मूगडाळ घाला, पोटभर होते. पाणी घालू नका, झाकणावर पाणी ठेवा.

भाकरीचं पीठ दीड किलो, २२-२४ भाकऱ्या होतात. पिठाइतकंच पाणी, वाटीने मोजून, उकळतं. मीठ पाण्यात. पीठ टाकून झाकण, पाच मिनिटं, मग गरम असतानाच हात ओला करून मळा. कडा चिरतात त्या दोन कारणांनी: पाणी उकळलं नव्हतं किंवा मळणं गार झाल्यावर केलं. दोघींनी एक थापायला, एक भाजायला, तासाभरात होतात. त्या दिवशी भात फक्त ७०० ग्रॅम.

तिरफळ
अळूवर कोणी बोललं नाही, आणि तिथेच घात होतो. १६ जणांना ३०-३५ पानं देठांसकट. हाताला तेल लावून चिरा, देठ सोलून. घसा खाजतो तो पानांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे. त्याला उपाय दोन, आणि दोन्ही लागतात: पूर्ण शिजवणं आणि आंबट. चिंचेचा कोळ पानं शिजत असतानाच घाला, शेवटी नाही. पानं, एक वाटी चणाडाळ, एक वाटी शेंगदाणे (दोन्ही सकाळी भिजवून ठेवा), मे महिन्यातल्या २५ आठळ्या (फणसाच्या बिया) फोडून, कुकरला ५ शिट्या. रवीने घोटा, दोन चमचे बेसन पाण्यात कालवून लावा, गूळ, मीठ, मग दहा मिनिटं उकळी. हिंग-मोहरी-मेथीची फोडणी वरून. चव बघताना जीभ जराही चुरचुरली तर अजून पंधरा मिनिटं उकळा.

आणि आमसूल किंवा चिंच घातलेलं जेवण अॅल्युमिनियमच्या टोपात रात्रभर ठेवू नका. आंबटाने धातू सुटतो, रस काळा पडतो, चव बदलते. पितळेलाही कल्हई हवी. स्टीलमध्ये काढा.

वाडीवरची
भरपूर मिळालं, आभार सगळ्यांचे. दोन गोष्टी अजून. सुकट आणि बांगडे पावसात ओले होतात, ते कसं ठेवायचं? आणि मुलांना पिठी तिखट लागते.

चुलीवरचा टोप
जवळा एकदाच सगळा भाजून गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम भरलात तर डब्याच्या आत पाणी सुटतं आणि बुरशी येते. बांगडे कागदात गुंडाळून चुलीच्या वरच्या फळीवर, धुरात. उन्हाची तिरीप आली की तासभर बाहेर.

पिठीत मुलांसाठी फोडणीतली मिरची अख्खीच घाला, उभी चिरू नका, आणि वाढताना त्यांच्या ताटात भातावर तुपाचा चमचा टाका. मोठ्यांच्या ताटाला भाजलेली सुकी मिरची वेगळी द्या.