वसईतलं चित्र जरा वेगळं

'कॉन्व्हेंट म्हणजे मराठीशी वाकडं' असं कुणीतरी लिहिलंय. मुंबईत असेलही, वसईत सरसकट तसं नव्हतं. इथल्या चर्चच्या कित्येक शाळा मुळातच मराठी माध्यमाच्या. उस्मानाबादच्या २०२०च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालच्या अशाच शाळेत शिकले. आमच्या वर्गात कुपारी, वाडवळ, आगरी अशा इथल्या सगळ्याच समाजांची पोरं. मधल्या सुट्टीत सामवेदी ही इथली बोली, घंटा झाली की पुस्तकी मराठी! शुद्धलेखनात मार खाल्ला तो त्यामुळेच. (निदान मी तरी घरी हेच कारण सांगायचो.)

आता मात्र मराठी तुकड्या रोडावल्यात, आणि त्याला फादर-सिस्टर नाही, आपण पालकच जबाबदार आहोत.

परवा भाचीच्या शाळेचं गॅदरिंग पाहिलं. मुली आज्यांची लाल लुगडी नेसून सामवेदी गाण्यावर नाचल्या. नेसवायला तीन आज्या स्टेजमागे हजर, कारण आयांपैकी एकीलाही लुगडं नेसवता येत नव्हतं. निवेदन सगळं इंग्रजीत. शेवटी निवेदिकेने आज्यांचे आभार मानले, तेव्हा त्या एकमेकींना विचारत होत्या, "काय म्हणाली गं ती?"