हॅलोविनसाठी भुताटकीचे गोड पॉपकॉर्न : चॉकलेटचा गोळा होतो आणि लाह्या मऊ पडतात

प्रश्न — ओसरी

नमस्कार. आम्ही दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीत राहायला आलो. यंदा 31 ऑक्टोबरच्या आधीच्या शनिवारी लेकीच्या मैत्रिणींची हॅलोविनची पार्टी आमच्या घरी ठरली आहे. चौदा मुले येतील आणि त्यांच्यासाठी रंगीत, गोड लेप दिलेले पॉपकॉर्न करावेत, असा तिचा हट्ट आहे. हिरव्या चिखलासारखा ओघळ, वर साखरेचे डोळे आणि मधूनच काळे-नारिंगी तुकडे, असे चित्र तिने मला काढूनच दिले आहे.

सरावासाठी मी दोनदा करून पाहिले आणि दोन्ही वेळा फसले. पहिल्या वेळी व्हाइट चॉकलेटच्या चिप्स मायक्रोवेव्हमध्ये वितळवल्या आणि त्यांत केकसाठी वापरतो तो पातळ हिरवा रंग चार थेंब घातला, तर बघता बघता सगळ्याचा रवाळ, कोरडा गोळा झाला. दुसऱ्या वेळी लोणी आणि मार्शमॅलो वितळवून त्यात लाह्या घोळवल्या. त्या दिसायला छान झाल्या होत्या, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इतक्या मऊ आणि चिवट झाल्या होत्या, की मुलीनेच "हे भूत दमट आहे" असा शेरा मारला.

माझे प्रश्न असे आहेत. चॉकलेटचा गोळा का झाला आणि रंग द्यायचा कसा? आदल्या दिवशी करून ठेवले तरी कुरकुरीत राहील असा लेप कोणता? आणि येणाऱ्या मुलांत एकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, दोन घरे शुद्ध शाकाहारी आहेत, शिवाय एका मैत्रिणीचा तीन वर्षांचा भाऊही येणार आहे. त्यांच्यासाठी काय काळजी घ्यावी?

उत्तर — चिंचगूळ

ओसरी, तुमच्या दोन्ही अपघातांचे कारण एकच आहे आणि ते म्हणजे पाणी. वितळलेले चॉकलेट म्हणजे स्निग्धांशात तरंगणारे साखरेचे आणि दुधाच्या भुकटीचे कोरडे कण असतात. त्यात पाण्याचे चार थेंब पडले, की साखर ते शोषून चिकट होते, कण एकमेकांना धरून बसतात आणि वाहणाऱ्या पदार्थाचा क्षणात गोळा होतो. केकचा पातळ रंग आणि बराचसा जेल रंगही पाण्याच्या आधारावर केलेला असतो. चॉकलेटसाठी तेलात विरघळणारा रंग लागतो आणि तो केकच्या सामानाच्या दुकानात चॉकलेटचा किंवा कँडीचा रंग म्हणून वेगळा मिळतो. ओले भांडे, ओला चमचा, वाफेवरच्या भांड्यातून उडालेला थेंब, यांनीही हेच होते, म्हणून भांडी पुसून नव्हे तर पूर्ण वाळवून घ्यावीत.

शिवाय चिप्स ही मुळातच चुकीची निवड होती. बिस्किटांत भाजतानाही त्यांनी आकार सोडू नये अशाच बेताने त्या केलेल्या असतात, त्यामुळे वितळल्या तरी त्या जाडसरच राहतात. त्याऐवजी कँडी मेल्ट्स घ्या. त्यांत कोकोआ बटरच्या जागी वनस्पतीजन्य स्निग्ध पदार्थ असतो, त्यामुळे चॉकलेटसारखी तापमानाची कसरत करावी लागत नाही आणि थंड झाल्यावर लेप आपोआप कडक होतो. ऑक्टोबरमध्ये नारिंगी, हिरवे, जांभळे, काळे असे सगळे रंग तयार मिळतात, म्हणजे रंग घालण्याचा प्रश्नच उरत नाही. चवीच्या बाबतीत खऱ्या व्हाइट चॉकलेटची सर त्यांना नाही, हे मी कबूल करते, पण नऊ वर्षांच्या मुलांना तो फरक कळत नाही.

प्रमाण असे धरा. अर्धा कप कोरड्या दाण्यांच्या सुमारे 14 ते 16 कप लाह्या होतात आणि कँडी मेल्ट्सची 340 ग्रॅमची एक पिशवी 10 ते 12 कप लाह्यांना पुरते. लाह्या घरीच, एअर पॉपरमध्ये किंवा जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या तेलावर फोडा. मायक्रोवेव्हची लोणी लावलेली तयार पिशवी घेऊ नका, कारण तेलकट, खारट लाहीवरून लेप घसरतो. फोडल्यावर लाह्या मोठ्या भोकांच्या चाळणीत किंवा जाळीवर हलवून न फुटलेले दाणे खाली पाडावेत. ही पायरी गाळली, तर ते दाणे लेपाखाली लपतात आणि कुणाचा तरी दात दुखावतो.

कँडी मेल्ट्स मायक्रोवेव्हच्या निम्म्या शक्तीवर 30-30 सेकंद तापवा आणि दर वेळी ढवळा. शेवटचे थोडे तुकडे दिसत असतानाच थांबावे, ते भांड्याच्या उष्णतेने विरघळतात. जास्त तापवले, तर मिश्रण जाड होऊन करपते आणि मग ते सुधारत नाही. पांढऱ्या लेपात निम्म्या लाह्या घोळवून पार्चमेंट पेपरवर पसरा, त्यावर हिरव्या आणि जांभळ्या रंगांच्या धारा सोडा आणि लेप ओला असतानाच डोळे चिकटवा. एकदा तो सुकला, की डोळे बसत नाहीत. घाई म्हणून ट्रे फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर त्यावर दमटपणा धरतो आणि आपण पुन्हा तुमच्या दमट भुतापाशी येऊन पोहोचतो. स्वयंपाकघरात उघड्यावर अर्धा तास पुरतो.

उत्तर — पाकातली

चिंचगूळ यांनी चॉकलेटचे सांगितलेले सगळे बरोबर आहे, पण माझे मत वेगळे आहे. कँडी मेल्ट्सचा लेप हा रंगापुरता ठीक आहे. पॉपकॉर्नला खरा शोभतो तो पाक. ज्या घरात चिक्की होते त्या घरातल्या बाईला, अमेरिकेतले लोक ज्याला कॅरमेल कॉर्न म्हणतात ते वेगळे शिकावे लागत नाही. कडक पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकल्यावर काचेसारखा तुटतो आणि वाटीवर आपटला की टणक वाजतो, तीच इथली खूण आहे. थर्मामीटर असेल, तर ती 300 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे 150 अंश सेल्सिअसच्या आसपास येते. पाक त्याच्या खाली उतरवला, तर त्यात पाणी राहते आणि लाही चिवट होते. मार्शमॅलो तर मुळातच मऊ राहण्यासाठी केलेला असतो, त्याच्याकडून कुरकुरीतपणाची अपेक्षा करणे म्हणजे शिऱ्याकडून चकलीची अपेक्षा करणे आहे.

माझी नेहमीची कृती देते. 12 कप लाह्यांसाठी 1 कप ब्राउन शुगर, अर्धा कप लोणी, पाव कप कॉर्न सिरप आणि अर्धा चमचा मीठ जाड पातेल्यात घ्यावे. उकळी फुटल्यावर 5 मिनिटे मध्यम आचेवर न ढवळता उकळू द्यावे. उतरवून अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालावा. मिश्रण फसफसून फुगते आणि त्या बारीक बुडबुड्यांमुळे लेप दाताला कठीण न लागता खुसखुशीत होतो. लगेच लाह्यांवर ओतून दोन उलथण्यांनी घोळवावे. या घटकेला पाक तुटण्याच्या टप्प्यापर्यंत गेलेला नसतो, ते काम ओव्हन करतो. ट्रेवर पसरून 250 अंश फॅरनहाइटवर (सुमारे 120 अंश सेल्सिअस) तास भर ठेवावे आणि दर 15 मिनिटांनी परतावे. उरलेले पाणी त्या तासात निघून जाते. हा तास कुणाला वाचवावासा वाटतो आणि तिथेच सगळे बिघडते.

कॉर्न सिरप वगळू नका. नुसत्या साखरेचा पाक हलताच त्यात पुन्हा कण धरतात आणि लेप पिठूळ होतो. सिरप नसेल, तर लिंबाच्या रसाचे थोडे थेंब तेच काम करतात, हे आपल्या पाकाच्या करंज्या करणाऱ्या मंडळींना माहीत आहेच.

आता रंगाचे. ब्राउन शुगरवर हिरवा घातला, तर शेवाळाचा रंग येतो (हॅलोविनला तो चालेलही म्हणा). चटक नारिंगी किंवा जांभळा हवा असेल, तर पांढरी साखर घ्या आणि मग पाक थेट कडक होईपर्यंत शिजवा. गंमत अशी, की चॉकलेटमध्ये न चालणारा तुमचा पाण्याचा रंग इथे बिनदिक्कत चालतो, कारण पाकात पाणी मुळातच असते आणि ते शिजताना उडून जाते. मात्र तो सुरुवातीलाच घाला. कडक पाकात ओला रंग टाकला, तर तो अंगावर उडतो. सोड्याने रंग किंचित फिका होतो, म्हणून थोडा गडद धरावा. गुळाचा पाकही उत्तम लागतो, पण रंग गुळाचाच राहतो. मी त्यात काळा कोको घालून 'स्मशानातली माती' म्हणून वेगळा वाडगा ठेवते.

आणि एक विनंती. पाकाचे काम मुले घरात नसताना करावे. कडक पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम असतो आणि कातडीला चिकटून राहतो. मुलांना डोळे चिकटवण्याचे काम द्यावे.

उत्तर — परसदार

तिसऱ्या प्रश्नावर अजून कुणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. माझ्या मुलाला काजू आणि तीळ दोन्ही चालत नाहीत, त्यामुळे पाकिटामागचा बारीक मजकूर वाचण्यात माझी हयात चालली आहे.

शाकाहाराचे आधी. इथल्या नेहमीच्या मार्शमॅलोत जिलेटिन असते आणि ते बहुधा डुकरापासून काढलेले असते. हॅलोविनची ओळख असलेल्या त्या तिरंगी कँडी कॉर्नमध्येही (मक्याच्या दाण्यासारख्या दिसणाऱ्या साखरेच्या गोळ्या) सहसा जिलेटिन असते आणि वरची चकाकी लाखेच्या, म्हणजे किड्यांपासून मिळणाऱ्या, लेपाची असते. साखरेच्या तयार डोळ्यांवरही काही वेळा तीच चकाकी असते आणि काहींत अंड्याचा पांढरा भाग असतो. ओसरी, तुमचे दुसऱ्या वेळचे पॉपकॉर्न त्या दोन घरांतल्या मुलांनी खाल्ले नाहीत हे एका अर्थी बरेच झाले. डोळे घरी करायचे असतील, तर पांढऱ्या कँडी मेल्टचा ठिपका आणि त्यावर काडीच्या टोकाने काळ्याचा ठिपका, एवढे पुरते.

अमेरिकेत पाकिटावर नऊ प्रमुख अ‍ॅलर्जीकारक घटक स्पष्ट लिहावे लागतात. तीळ हा त्यातला नववा, 1 जानेवारी 2023 पासून लागू झालेला. परंतु 'याच कारखान्यात शेंगदाणे हाताळले जातात' ही सूचना ऐच्छिक आहे, म्हणजे ती नसली तरी पदार्थ सुरक्षित आहे असे समजू नये. शंका असेल, तर कंपनीला विचारावे किंवा त्या मुलाच्या आईला पाकिटाचे छायाचित्र आधी पाठवावे. आपल्या घरांत चिक्की, लाडू, दाण्याचे कूट यांचे डबे त्याच ओट्यावर असतात, तेव्हा त्या दिवशी ओटा, उलथणी, पातेली आणि मुख्य म्हणजे चाळणी नीट धुऊन घ्यावी. चाळणीच्या भोकांत दाण्याचे कूट किती दिवस राहते हे पाहून मी थक्क झालो होतो. पाकात लोणी आणि मेल्ट्समध्ये दूध आहे, हेही पाहुण्यांना सांगावे.

काही घरांच्या पायरीवर तुम्हाला हिरवट-निळा रंगवलेला भोपळा दिसेल. 2014 पासून अन्न-अ‍ॅलर्जीच्या क्षेत्रातली एक राष्ट्रीय संस्था ही मोहीम चालवते आणि त्याचा अर्थ असा, की या घरी खाऊऐवजी लहान खेळणी, पेन्सिली असेही काही मिळेल. पार्टीत असा एक वाडगा ठेवलात, तर अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला हात हलवत परत जावे लागणार नाही. दारोदार फिरणाऱ्या अनोळखी मुलांना मात्र हे पॉपकॉर्न देऊ नका. घरी केलेला सुटा खाऊ इथले पालक टाकून देतात आणि त्यात राग मानण्यासारखे काही नाही.

तीन वर्षांच्या भावाला पॉपकॉर्न अजिबात देऊ नयेत. लाही श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो, म्हणून इथले बालरोगतज्ज्ञ चार वर्षांखालच्या मुलांना ती देऊ नका असे सांगतात. त्याच्यासाठी मऊ केळ्याचे तुकडे ठेवा आणि त्यांवर तेच डोळे न लावता चॉकलेटच्या सॉसचे तोंड काढा.

प्रतिसाद — ओसरी

आपणा तिघांचे मनापासून आभार. काल रात्री दोन्ही प्रकार करून पाहिले. पाकाचे पॉपकॉर्न तासभर ओव्हनमध्ये ठेवले, पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरले आणि आज संध्याकाळपर्यंत ते तसेच कुरकुरीत आहेत. मेल्ट्सचे पॉपकॉर्न दिसायला अधिक भुताळी झाले, हे मात्र मान्य करावे लागेल. पांढऱ्या लेपातल्या पंख फुटलेल्या लाह्या खरोखरच लहान-लहान भुतांसारख्या दिसतात. तेव्हा तळाला पाकातले आणि वर मेल्ट्सचे, असा वाडगा ठरला आहे.

एकच राहिले. पारदर्शक हातमोज्यांत पॉपकॉर्न भरून चेटकिणीचे हात करायचे आहेत, आणि नखांच्या जागी सगळे कँडी कॉर्न घालतात. ते आता बाद झाले. दुसरे काय घालावे?

उत्तर — पाकातली

भोपळा कोरताना निघालेल्या बिया धुऊन, वाळवून भाजा आणि बोटाच्या टोकाला एकेक घाला. चेटकिणीच्या नखांसाठी याहून चांगले टोक मिळायचे नाही. मोजे खाद्यपदार्थांसाठीचे, पावडर नसलेले आणि लॅटेक्सचे नसलेले घ्या. त्यात मेल्ट्सचे नव्हे, पाकातले कोरडे पॉपकॉर्न भरा, म्हणजे बोटांत ते चिकटून बसणार नाहीत. आधी बी, मग लाह्या, असे बोट-बोट भरत या आणि मनगट नारिंगी फितीने बांधा.

उत्तर — चिंचगूळ

2024 मध्ये नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले होते, तेव्हा आमच्याकडे पाकातले पॉपकॉर्न फराळाच्या ताटातच वाढले गेले आणि चिवड्याच्या आधी संपले. ओसरी, पाकातली यांनी सांगितलेल्या प्रमाणाच्या दीडपट करा.