दिवाळी पहाटेला टीव्हीवरचाच गायक कशाला?

गोदाकाठ (धागा सुरू करणारे)

आमच्या नाशिकच्या इंदिरानगर मंडळाची दिवाळी पहाटेची बैठक परवा झाली. गायक कोण, एवढाच विषय. दहा मिनिटांत दोन नावं पुढे आली, दोन्ही रिअ‍ॅलिटी शोमधली. एक 'टॉप फाइव्ह'मधला, एक विजेती. मानधनाचा आकडा ऐकला तर निम्म्याहून जास्त वर्गणी तिकडेच जाणार. मी म्हटलं, आपल्या कॉलेज रोडला, पंचवटीत शास्त्रीय गाण्यात विशारद झालेली माणसं आहेत, रोज शिकवतात, दोन तास बसून गाऊ शकतात. त्यांना का नको? खजिनदार म्हणाले, "त्यांच्या नावावर खुर्च्या भरत नाहीत."

माझं मत स्पष्ट आहे. हे शो चेहरा देतात, गाणं देत नाहीत. ५ मार्च २००५ ला अभिजीत सावंत पहिला 'इंडियन आयडॉल' झाला. मराठी पोरगा, गोड आवाज, देशभरातून मतं. लगेच अल्बम आला, 'मोहब्बतें लुटाऊंगा' महिनाभर रिक्षात वाजत होतं. तेव्हा वाटलं, आता पुढची वीस वर्षं हाच. आज त्याची सिनेमातली पाच गाणी सांगा म्हटलं तर किती जण सांगतील? २०२४ मध्ये तो घराघरात परत आला, तोही 'बिग बॉस मराठी'मुळे, तिथे उपविजेता झाला म्हणून. म्हणजे एका शोने वर नेलं आणि लोकांना आठवण करून द्यायला दुसरा शो लागला. यात त्याचा दोष नाही, माणूस गुणी आहे. दोष या यंत्रणेचा आहे. तिला दरवर्षी नवा चेहरा लागतो, कालचा कुठे गेला ते ती विचारत नाही.

आणि आपण नाशिककरांनी त्यासाठी वर्गणी का घालवायची?

सिडकोवाला

यंत्रणेला शिव्या घालणं सोपं आहे. यंत्रणा नव्हती तेव्हा काय होतं ते सांगा ना. मुंबईत राहायची सोय हवी, कुणा अरेंजरची ओळख हवी, वर्ष-दोन वर्षं बिनपैशाची कोरस गायची तयारी हवी. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्या पोराला कोणत्या संगीतकाराने दारात उभं केलं असतं?

वैशाली माडे हिंगणघाटची. आधी मराठी 'सा रे ग म प' जिंकली, मग २००९ ला हिंदी. पुढे 'बाजीराव मस्तानी'त श्रेया घोषालबरोबर 'पिंगा' गायली. रोहित राऊत लातूरचा, कार्तिकी गायकवाड आळंदीची. टीव्ही नसता तर ही नावं जिल्ह्याच्या बाहेर गेली असती असं खरंच वाटतं का तुम्हाला?

बरं, श्रेया घोषालच घ्या. 'सा रे ग म'च्या मुलांच्या स्पर्धेत जिंकली, संगीतकार कल्याणजींनी तिला ऐकलं, आईवडिलांना मुंबईत राहायला सांगितलं. दिग्दर्शक संजय लीला भन्साळींच्या आईने टीव्हीवर पाहिलं आणि मुलाला हाक मारली. २००२ ला 'देवदास'. सुनिधी चौहान १९९६ ला दूरदर्शनच्या 'मेरी आवाज सुनो'ची विजेती. हे सगळे चेहरेच का?

गोदाकाठ

तुम्ही दिलेली दोन्ही मोठी नावं एसएमएसने मतं द्यायच्या आधीची आहेत, हे लक्षात आलं का? सुनिधी काय, श्रेया काय, त्यांना कान असलेल्या माणसांनी निवडलं. मतांच्या बाजारातून नाही.

आणि २००५ चंच उदाहरण देतो. 'फेम गुरुकुल' नावाचा शो होता. लोकांनी मतं देऊन ज्यांना जिंकवलं त्यांची नावं आज शोधावी लागतात. सहाव्या नंबरवर बाहेर पडलेल्या पोराचं नाव अरिजित सिंग.

सिडकोवाला

हेच मी म्हणतोय! अरिजित त्या शोला गेला नसता तर गावी, जियागंजमध्येच राहिला असता. शोने दार उघडलं.

देवळालीकर

दार उघडलं आणि ढकलून बाहेर काढलं, असं म्हणा. २००५ ते 'आशिकी २' म्हणजे २०१३, ही आठ वर्षं तो काय करत होता? दुसऱ्या एका स्पर्धेत जिंकलेल्या पैशांतून स्वतःचा छोटा रेकॉर्डिंग सेटअप उभा केला, प्रीतमसारख्या संगीतकारांकडे म्युझिक प्रोग्रॅमिंग केलं, दुसऱ्यांचे आवाज ट्रॅकवर बसवले. ती आठ वर्षं टीव्हीवर दिसत नाहीत. पालकांना मात्र वाटतं, पोरगं शोमध्ये गेलं की झालं.

मतांचं म्हणाल तर २००७ चं 'इंडियन आयडॉल' आठवा. प्रशांत तमांग कोलकाता पोलिसात, दार्जिलिंगचा. समोर शिलाँगचा अमित पॉल. डोंगरातल्या लोकांनी वर्गणी काढून, बूथ लावून मेसेज पाठवले. माझा त्याला आक्षेप नाही, ज्यांना कुणी विचारत नाही त्यांनी एका पोरासाठी एकत्र यावं हे मोठंच. पण त्याला गाण्याची परीक्षा म्हणू नका. ती अस्मितेची निवडणूक झाली, आणि मेसेज नेहमीपेक्षा महाग असल्यामुळे कंपन्यांची दिवाळी.

परीक्षकांचंही ऐका. २०२१ ला 'इंडियन आयडॉल'च्या किशोरकुमार विशेष भागानंतर तिथे पाहुणे म्हणून गेलेले खुद्द अमितकुमार म्हणाले की सगळ्यांचं कौतुक करा असं मला सांगितलं होतं. किशोरदांच्या मुलाची ही गत, तर उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्या पाहुण्यांचं काय घेऊन बसलात.

काळी_दोन

मी तीस-एक मुलांना गाणं शिकवते, गंगापूर रोडला. माझा अनुभव सांगते, निष्कर्ष तुम्ही काढा.

पूर्वी पालक विचारायचे, "प्रवेशिकेची परीक्षा कधी, मध्यमाची कधी?" आता विचारतात, "ऑडिशनचं गाणं कधी बसवणार?" ऑडिशनमध्ये पहिल्या फेरीत टीव्हीवरचे परीक्षक नसतातच. छातीवर नंबर चिकटवून तासन्‌तास रांग, आत दोन मुलं कॅमेरा घेऊन बसलेली. मुखडा गा, एवढंच. अर्ध्या मिनिटात 'थँक यू'. त्यामुळे सगळी तयारी त्या अर्ध्या मिनिटाची. एका मुलीचा आवाज काळी चारच्या पट्टीत छान मोकळा लागतो. आईचं म्हणणं, त्याहून वरची काळी पाच धरा, वरचा सूर लागला की परीक्षक खुर्चीतून उठतात. मी म्हटलं, तिथे गळा आवळला जातोय, ऐका जरा. ऐकलं नाही. पोरगी आता मध्यम-पंचमाला घाबरते, कारण तिला सगळं गाणं फक्त तार षड्जासाठी, म्हणजे वरच्या 'सा'साठी असतं असं वाटायला लागलंय. भूप राग दोन महिने घोटायचा म्हटलं की क्लास बदलतात.

माझा राग शोवर कमी, पालकांवर जास्त. आणि हो, मंडळांवरही. तुम्ही लोक माझ्या विद्यार्थिनीला गणपतीत बोलावता, "अनुभव मिळेल" म्हणून फुकट गायला लावता, नारळ आणि शाल देता. मग ती टीव्हीच्या रांगेत जाऊन उभी राहिली तर तिचं काय चुकलं?

साउंडवाला_सातपूर

मॅडमच्या शेवटच्या वाक्याला दंडवत. 🙏

मी कार्यक्रमांना साउंड देतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे नखरे बघितलेत. टीव्हीवाल्यांबद्दल ऐकायचंय? काही जण पेनड्राइव्ह घेऊन येतात. ट्रॅकमध्ये कोरस, हार्मनी सगळं आधीच भरलेलं, कधी कधी स्वतःचा आवाजही खाली दाबून ठेवलेला. लोक म्हणतात, काय गायला, अगदी टीव्हीसारखा! टीव्हीवर तरी काय, सूर नंतर नीट करून घेता येतो, चुकलेली ओळ परत गाता येते. इथे कालिदास कलामंदिरात तसलं काही चालत नाही, म्हणून ट्रॅक.

पण सगळे तसे नसतात. गेल्या वर्षी एक पोरगी आली होती, शोमधली. पहाटे तीनला साउंड चेकला हजर. तबला, पेटी, की-बोर्ड, बासरी, प्रत्येकाचा मॉनिटर स्वतः ऐकून ठरवला. माईक कुठे जवळ घ्यायचा, तानेला किती लांब न्यायचा, हातात एवढं पक्कं की मला आवाज कमी-जास्त करायच्या फेडरला हात लावावा लागला नाही. हे तिला त्या शोच्या ग्रूमरनीच शिकवलं असणार. आपले विशारद लोक, माफ करा, माईक हातभर लांब धरतात आणि मग स्टेजवरूनच ओरडतात, "अहो साउंड, आवाज वाढवा." वाढवला की शिट्टी. मग पेपरात काय, 'ध्वनिव्यवस्थेने रसभंग'.

तेव्हा गोदाकाठ साहेब, टीव्ही काहीच शिकवत नाही असं नाही. स्टेज शिकवतो. आपल्याकडे ते कुणी शिकवत नाही.

पंचवटीकर

या वादात नाशिकच्या एका माणसाचं नाव अजून कसं आलं नाही? विष्णु दिगंबर पलुस्कर. दरबारातलं गाणं त्यांनी बाहेर काढलं, तिकीट लावून सामान्य लोकांसमोर जाहीर मैफली केल्या. ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे इथे येऊन रामनाम आधाराश्रम. त्या काळच्या उस्तादांनीही म्हटलंच असणार की गाणं बाजारात नेलं म्हणून. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, जन्म नाशिकचाच, १९२१ चा. जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनात पहिल्यांदा गायले तेव्हा वय चौदा. लहान मुलांना स्टेजवर आणणं हा टीव्हीचा शोध नाही. लोकांनी ऐकायला यायचं असेल तर लोकांपर्यंत जावं लागतं. तेव्हा संमेलन होतं, आता चॅनेल आहे.

गोदाकाठ

पंचवटीकर, उदाहरण माझ्या बाजूचं आहे की हो! दत्तात्रेयबुवा चौदाव्या वर्षी गायले, पण वडील गेल्यावर विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे शिकत होते. संमेलन झालं आणि पोरगं परत तालमीला बसलं. कुणी त्यांना सांगितलं नाही की पुढच्या आठवड्यात तुझी मतं कमी पडली तर घरी जा. आणि विष्णु दिगंबरांनी तिकीट लावलं, ते विद्यालय चालवायला. इथे मिळणाऱ्या पैशातून कोणतं चॅनेल गाण्याची शाळा चालवतंय?

एक_आई

मुलांच्या स्पर्धांबद्दल लिहायलाच हवं. मराठी 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'चं २००८-०९ चं पर्व मी एकही भाग न चुकवता पाहिलं. कार्तिकी, आर्या, प्रथमेश, मुग्धा, रोहित. पाचही जण आजही गातायत, आणि मुख्य म्हणजे नॉर्मल माणसं झाली. त्याचं कारण मला वाटतं की त्या घरांत गाणं शोच्या आधीपासून होतं. कार्तिकी वडिलांकडेच शिकली. शो संपल्यावर परतायला घरात तंबोरा होता.

माझा मुलगा दहा वर्षांचा, गातो बरा. आम्ही ऑडिशनला पाठवलं नाही. आधी नियम वाचले. २०१७ पासून कायद्यात आहे की मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, विश्रांती न देता तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि कमाईतले किमान वीस टक्के त्याच्या नावावर मुदत ठेवीत टाकायचे. वाचून बरं वाटलं, पण हे पाळलं जातंय की नाही ते बघायला मेकअप रूमबाहेर कोण बसणार? आईच ना. माझी नोकरी अंबडला आहे, सहा महिने मुंबईत कशी राहू? म्हणजे दार सगळ्यांना उघडं असतं असं सिडकोवाला म्हणतात ते तितकंसं खरं नाही. ज्यांच्या घरातलं एक माणूस रिकामं आहे त्यांना जास्त उघडं.

सिडकोवाला

ताई, मुद्दा मान्य. मोठ्यांच्या स्पर्धांपुरतं मात्र माझं म्हणणं कायम आहे. आणि मानधनाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून बोलतो. टीव्हीवाले एवढे पैसे का मागतात? रेकॉर्डिंगमधून नव्या गायकाला जवळपास काहीच सुटत नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गायकांना रॉयल्टीचा हक्क दिला, पण घर अजून चालतं ते स्टेज शोवर. आणि जिंकल्यानंतरची दोन, फार तर तीन वर्षं नाव गरम असतं. त्यात कमवायचं नाही तर कधी? पुढचा सीझन आला की तुमचेच खजिनदार म्हणणार, "हा आता जुना झाला."

अभिजीत सावंतवर 'एवढंच?' म्हणणारे आपणच ना. आपण त्याचं दुसरं गाणं विकत घेतलं होतं का?

देवळालीकर

हे मात्र लागलं मनाला. पहिला अल्बम मी घेतला होता, दुसऱ्याच्या वेळी पुढच्या सीझनला मतं देत होतो.

काळी_दोन

गोदाकाठ, मग बैठकीत ठरलं काय? की नुसताच धागा?

गोदाकाठ

काल परत बसलो. शोमधली विजेतीच येणार, बहुमताने. मी दोन अटी घालून घेतल्या. ट्रॅक नाही, नाशिकचेच वादक. आणि आधीचा पाऊण तास नाशिकच्या गायिकेचा, पाकिटासकट. शाल-नारळावर भागवायचं नाही. सुरुवात साडेपाचला.

काळी_दोन

साडेपाचला? म्हणजे लोक साडेसहाला येणार आणि नाशिकची बाई मोकळ्या खुर्च्यांपुढे ललत राग गाणार. तिला मध्ये घाला, विजेतीच्या दोन भागांच्या मध्ये. मग बोलू.

साउंडवाला_सातपूर

मध्ये घालायचं तर मला वादकांची बैठक बदलायला दहा मिनिटं लागतील. निवेदकाला आत्ताच सांगून ठेवा, तेवढा वेळ कविता म्हणू नका म्हणावं.