नवख्या माणसाला कॅनूत घेऊन एका मुक्कामाची ट्रिप : तुमचे अनुभव लिहा

भंडाऱ्याहून

मंडळी, डिसेंबरात भाचीला घेऊन गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये जायचा विचार चालू आहे, दोघांची कॅनू, आंभोऱ्याकडून उतरायचं, रात्री काठावर तंबू, दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत परत. पोरगी चौदा वर्षांची, पोहते चांगली, पण वल्हं कधी हातात धरलं नाही. माझं मत असं आहे की नवखा सोबत असला की नकाशावरचे किलोमीटर मोजायचेच नाहीत, वारा आणि त्या माणसाचे खांदे पाहायचे. आंभोऱ्याला कन्हान येऊन वैनगंगेला मिळते, आता धरणामुळे तिथे पाण्याचा पसारा मोठा आहे आणि वाऱ्याला अडवायला काहीच नाही. शांत पाण्यात दोघं जण ताशी तीनेक किलोमीटर आरामात जातात, समोरून वारा आला की तेच निम्म्यावर येतं. ज्यांनी कुणाला नेलंय किंवा जे स्वतः नवखे म्हणून गेलेत त्यांनी लिहा, लांबलं तरी चालेल.

अर्जुनी मोरगावहून

आमच्याकडे नवेगावबांधचा तलाव आहे, इटियाडोह धरण आहे, पण बायकोला मी पहिले गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात नेलं. कमरेएवढं पाणी, तिथे दोघांनी मिळून मुद्दाम कॅनू उलटवली. एकदा पडून झालं नं भाऊ, की अर्धी भीती तिथंच जाते. उलटली तरी नाव सोडायची नाही, ती तरंगत राहते, तिला धरूनच काठाकडे जायचं. लाइफ जॅकेट अंगात पाहिजे, बुडाखाली घेऊन बसणारे बहुत पाहिले. पट्टे आवळल्यावर खांद्याला धरून वर ओढून पाहा, कानापर्यंत सरकलं तर एक तर साइज मोठी नाहीतर पट्टा सैल.

भाचीला पुढे बसवा. दिशा मागचा सांभाळतो, पुढच्यानं फक्त ताल धरायचा. वल्हं मारताना नुसत्या दंडानं ओढलं तर तासाभरात खांदे भरून येतात, वरची मूठ पुढे ढकलायची, खालचा हात जवळपास सरळ ठेवायचा आणि कमरेतून वळायचं. हे बोडीतच शिकवा. आणि मागून सारखं "डावीकडे, डावीकडे" करू नका, माणूस गांगरून जातो. आम्ही एकच शब्द ठरवला होता, "थांब", तो ऐकला की वल्हं मांडीवर.

लाखांदूरकडून

मी ढिवराच्या घरचा, आमची सोसायटी तलाव ठेक्यानं घेते. तुम्ही हौसेनं येता, या, आम्हाला आवडते, पण आधी गावात येऊन सांगत जा. जाळं कुठं टाकलं अन् शिंगाडा कुठं लावला हे आमच्याशिवाय कोण सांगन तुम्हाला? थर्माकोलचे तुकडे नाहीतर रिकाम्या बाटल्या ओळीनं तरंगताना दिसल्या की त्याच्यावरून जाऊ नका, बाजूनं घ्या. वल्हं अडकलं तर जाळं फाटते, अन् एका जाळ्यात घरचा किती पैसा गेला असते ते आम्हाला माहीत.

दुसरं, बॅकवॉटरमध्ये पाण्याखाली झाडाचे ठुंठ आहेत. पाणी उतरलं की वीतभर खाली राहते, अन् सूर्य समोर असला की बिलकुल दिसत नाही, म्हणून सकाळच्या टायमाला पूर्वेकडच्या अनोळखी काठाला जोरात लागू नका. बेशरमच्या झुडपात तर उतरूच नका, साप राहते. आम्ही डोंग्यात उभं राहून बांबूनं ढकलतो, ते पाहून पोरीला कॅनूत उभं नका होऊ देऊ.

नागपूरहून

मी नवखी म्हणून गेले होते, मैत्रिणीसोबत. नेणारे पुरुष हे कधी विचारत नाहीत म्हणून लिहिते, बाथरूमचं. लाजेपोटी पाणी कमी प्यायलं जातं, मग उन्हात डोकं दुखायला लागतं आणि सगळ्यांना वाटतं ही घाबरली. माझ्या मैत्रिणीनं निघायच्या आधीच सांगितलं, दर तासाला आपण काठाला लागणारच आहोत, तुला मागावं लागणार नाही. त्या एका वाक्यामुळे मी दिवसभर निवांत पाणी पीत होते. भाचीला तुम्ही हे सांगाच, तिला विचारायची वेळ आणू नका.

जीन्स नको, ओली झाली की जड होते आणि वाळत नाही. कोरडे कपडे जाड पॉलिथिनमध्ये दुहेरी गाठ मारून, वरून पोतं, आणि ते पोतं नावेला बांधलेलं. डिसेंबरात ओल्या अंगाला वारा लागला की दात वाजतात. गुडघे टेकून बसलं की नाव कमी डुलते, पण खाली फोमचा तुकडा पाहिजे नाहीतर गुडघे कामातून जातात. मैत्रिणीनं मला ठुंठ बघायचं काम दिलं होतं, त्यामुळे नजर सारखी पुढे होती आणि भीतीकडे लक्षच गेलं नाही. जेवण पोळ्या, कोरडा झुणका, ठेचा, चिवडा, पहिल्या रात्री चुलीच्या भानगडीत पडू नका. साडेपाचला सूर्य जातो, चार वाजता तंबू लागलेला पाहिजे.

गडचिरोलीहून

पहिल्या खेपेला वाहत्या नदीवर नको, हे माझं ठाम मत. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम अन् इंद्रावती, तिन्ही हिवाळ्यात गरीब दिसते, पावसाळ्यात मात्र पर्लकोटेचं पाणी पुलावरून जाऊन गावाचा रस्ता कितीकदा बंद झाला आहे. दगडाच्या धारेत पडलं तर उभं राहायचं नाही, पाय कपारीत अडकते, पाठीवर होऊन पाय पुढं करायचे. धार जिकडं जाते त्या, नावेच्या खालच्या अंगाला राहायचं नाही, पाणी भरलेली नाव माणसाला दगडावर दाबते. आडव्या पडलेल्या झाडातून पाणी निघून जाते, माणूस अडकते. एका सकाळी हे कोणाला शिकवता येत नाही, तुमचं थांबलेलं पाणीच बरं. जंगल खात्याची हद्द असली तर परवानगी आधी काढा.

भंडाऱ्याहून

खूप खूप आभार सगळ्यांचे. प्लॅन बदलला. आधीच्या रविवारी बोडीत उलटवायची प्रॅक्टिस. ट्रिपला मुक्काम गाडीजवळच, काठावरच्या गावात सांगून. सकाळी उजाडल्यावर निघायचं, आधी वाऱ्याच्या तोंडाला जायचं म्हणजे परतताना वारा पाठीवर राहील, आणि वारा वाढायच्या आत काठाला. दुसऱ्या दिवशी पुढे जायचं की नाही ते तीच ठरवेल. आता फक्त जॅकेटचं राहिलं, माझ्याकडची दोन्ही मोठ्या माणसांची आहेत, तिच्या अंगात कानापर्यंत येतात. तिच्या मापाचं भंडारा-नागपूरकडे कुणाकडे असेल तर दोन दिवसांसाठी द्या, मी येऊन घेऊन जातो.