मधुमेह असेल तर पाळीचा भरवसा नको

पाळी चालू असेपर्यंत बायकांना हृदयविकाराची भीती नाही, असं बरेच जण सांगतात. मधुमेह नसेल तर ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण साखर असलेल्या बाईला हा दिलासा कृपया देऊ नका. मधुमेहात बाईला हे संरक्षण फारसं उरत नाही, हे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या हृदयविकाराच्या दीर्घ पाहणीत १९७९ सालीच दिसलं होतं. २०१४ मध्ये ६४ अभ्यासांतल्या साडेआठ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. मधुमेहामुळे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार होण्याचा धोका पुरुषांत २.१६ पट, तर स्त्रियांत २.८२ पट निघाला. ही तुलना मधुमेह नसलेल्या पुरुषांशी आणि स्त्रियांशी वेगवेगळी केलेली आहे, त्यामुळे पुरुष सुरक्षित असा अर्थ कुणी काढू नये.

एक कारण असं सांगतात, की मधुमेहाचं निदान होईपर्यंत बाईचं वजन आणि रक्तदाब पुरुषापेक्षा जास्त बिघडलेले असतात. उपचारातही ती मागे पडते, हे मला फार खुपतं. हृदयविकाराच्या झटक्यात तिला छातीत कळ न येता नुसती धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, एवढंच असू शकतं, आणि घरात ते ॲसिडिटी म्हणून निभावलं जातं. अशा वेळी ईसीजी काढून घ्याच. गरोदरपणात साखर वाढून नंतर उतरली असेल, तरी ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. पुढचा धोका त्यानेही वाढतो.